तिकडं हवा कशी हाय?

अर्ज हातात आला की भाऊसाहेब तो लगेच वाचायचे नाहीत. आधी टेबलावर सरळ ठेवायचे आणि त्यावर उजवा तळहात पसरायचे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. दोन क्षण डोळे मिटलेले. मग चष्म्याच्या वरून समोर बघायचे आणि विचारायचे, "घरी कोण कोण असतं?"

पोरं दचकायची. आपण आलोय फीची सवलत मागायला, आणि हा माणूस सोयरीक बघायला बसल्यासारखं काय विचारतोय? पण प्रश्न कामाचाच होता. रेशनकार्डावरची नावं, उत्पन्नाच्या दाखल्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव यांचा मेळ बसला नाही तर अर्ज परत येतो. सगळे क्लार्क हे विचारतात. फक्त बाकीचे ते कागद बघून विचारतात. भाऊसाहेब पोराच्या तोंडाकडे बघून विचारायचे, आणि उत्तर संपेपर्यंत लेखणी उचलायचे नाहीत.

आता मी कोण ते सांगून टाकतो. भाऊसाहेब जिथं क्लार्क होते, विट्याच्या त्या कॉलेजच्या फाटकाला चिकटून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म आणि फुकट सल्ला. त्याशिवाय आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात मी सलग अकरा वर्षं खलनायकाचं काम केलं आहे. माझं हसणं स्टेजवर सुरू झालं की पुढच्या रांगेतली बारकी पोरं आयांच्या पदरात शिरायची. भाऊसाहेबांनी ते एकदा पाहिलं आणि माझं खरं नाव कायमचं टाकून दिलं. रोज सकाळी कॉलेजात शिरताना ते दुकानापाशी थांबून म्हणायचे, "काय व्हिलन, उघडलं का?" दुकान उघडं दिसत असायचं. तरीही विचारायचे.

त्यांच्या ऑफिसला बाहेरून चार पायऱ्या होत्या, आणि त्या चार पायऱ्यांवर त्यांनी सगळं अर्थशास्त्र बसवलं होतं. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पालक घाबरून यायचे. त्यातले निम्मे आधीच बँकेत जाऊन कर्जाची चौकशी करून आलेले. भाऊसाहेब त्यांना खुर्ची द्यायचे नाहीत. खालच्या पायरीवर उभं करायचे.

"ही पहिली पायरी. सरकार काय देतं ते बघायचं. जातीची शिष्यवृत्ती हाय, इतरांना उत्पन्नावर फीत सवलत हाय. दाखले काढा. मगच वर या."

पालक बिचारा एक पायरी चढायचा.

"ही दुसरी. माणसं हीच इसरत्यात. पोरगं वसतिगृहात राहणार का? त्याचा भत्ता निराळा. घरात कोण फौजेत हुतं का? त्याचं निराळं. तुमी जैन का? मग अल्पसंख्याकांची शिष्यवृत्ती हाय, ती विचारली का?"

सांगलीकडच्या एका जैन बागायतदारानं या पायरीवर उभं राहून म्हटलेलं मी ऐकलं आहे, "आवं, आमाला कोण देतंय? आमी तर देवळाला देणारी माणसं." भाऊसाहेब म्हणाले, "देवळाला द्या की. पर यंदा जरा घ्यायला पन शिका."

तिसरी पायरी कॉलेजची 'कमवा आणि शिका' योजना, समाजाच्या संस्था, कारखान्याचा निधी. आणि चौथी, सर्वात वरची, बँकेची. तिच्यावर पालकाला उभं करून भाऊसाहेब हळूच सांगायचे, "हितनं पडलं तर लय लागतं. म्हणून ही शेवटी. खालच्या तीन चढल्याशिवाय हितं यायचं न्हाई."

मी दुकानातून हा खेळ रोज बघायचो. दिग्दर्शक म्हणून माणूस पहिल्या दर्जाचा होता.

पण त्यांचा खरा प्रयोग टेलिफोनवर व्हायचा. तो समजायला आमचा भाग समजून घ्यावा लागेल. विट्याच्या आसपासच्या गावांतली निम्मी पुरुषमंडळी 'बाहेर' असतात. बाहेर म्हणजे गलाईच्या दुकानात. सोन्याचांदीचे जुने दागिने वितळवून, गाळून शुद्ध धातू काढायचा, हा आमच्या लोकांचा धंदा. भारतातलं असं मोठं शहर नसेल जिथं सराफ बाजाराच्या गल्लीत एखादा विट्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला नाही. गावाकडं त्याला 'शेठ' म्हणतात. शेठ वर्षातून एकदा जत्रेला येतो, दिवाळीला जमलं तर येतो, गावात बंगला बांधतो आणि परत जातो. बंगल्यात बायको आणि पोरं राहतात. आधार कार्ड काढलं तेव्हा पोरं लहान, म्हणून त्यावर नंबर जोडलेला वडिलांचा. परिणाम काय? पोरगी विट्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आणि ओटीपी जातो गुवाहाटीला.

मग भाऊसाहेब कॉलेजचा मोबाईल काढायचे, नंबर लावायचे, स्पीकर चालू करून फोन टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "शेठ, नमस्कार. तिकडं हवा कशी हाय?"

हवेची चौकशी झाल्याशिवाय ओटीपी मागायचा नाही, हा त्यांचा नियम. शेठ सांगायचे, "लय पाऊस, भाऊसाहेब, भट्टी पेटंना." किंवा "ऊन मरणाचं हाय." मग आकडा यायचा. तो आकडा दहा मिनिटं चालतो. टाकायला लागतं अर्धं मिनिट. उरलेली साडेनऊ मिनिटं भाऊसाहेब स्पीकर बंद करायचे नाहीत.

"शेठ, पोरगी समोर बसलीया. बोला की."

"व्हय? ...काय गं, जेवलीस का?"

"व्हय पप्पा."

"आई?"

"बरी हाय."

बापलेकींना इतक्या लांबून बोलायची सवय नसते. मग भाऊसाहेब मधेच ढकलायचे, "शेठ, केमिस्ट्रीत वर्गात तिसरी आली हो ही." आणि तिकडून आवाज बदलायचा. कधी घसा साफ केल्याचा, कधी हसल्याचा. मी एकदा कागद द्यायला आत गेलो होतो तेव्हा तिरुचिरापल्लीतला एक बाप मोठ्यानं नाक शिंकरल्याचा आवाज स्पीकरवर आला, आणि भाऊसाहेब आपलाच रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

यामुळे एक गंमत झाली. भाऊसाहेबांना सगळ्या हिंदुस्थानची हवा रोज माहीत असायची. चहाच्या गाड्यावर उभं राहून ते सहज सांगायचे, "मदुरैला आज आभाळ हाय. राउरकेल्यात मात्र लय उकडतंय." नवीन प्राध्यापकांना वाटायचं, माणूस फार फिरलेला आहे. खरी गोष्ट अशी की भाऊसाहेब मिरजेच्या पुढं कधी गेलेच नव्हते. मिरजेला गेले ते दातांच्या डॉक्टरकडे.

एकदा विजयवाड्यातल्या एका नव्या शेठनं त्यांना भामटाच समजलं. "ए, ओटीपी मागतोस व्हय? तुझ्यासारखे छप्पन बघितल्यात! पोलिसात देईन!" मी खिडकीबाहेर उभा होतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलताय. कुणालाच द्यायचा नसतो. पर तुमच्या पोराच्या डाव्या भुवईवर टाके घातल्याची खूण हाय, समोर बसल्यामुळं दिसतीया. कशानं लागलं हुतं?" तिकडचा आवाज खाली आला. मग शेठ म्हणाला, "झोक्यावरनं पडला हुता. तवा मी न्हवतो तिथं." आणि आकडा सांगितला.

तुम्ही म्हणाल, एवढा माणसांत रमणारा गृहस्थ, घरी गोतावळा असेल. मलाही तसंच वाटायचं. त्यांनी रोज शंभर पोरांना विचारलं, घरी कोण कोण असतं. मी अठरा वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नाही. कळलं ते माझ्या मशीनमुळं. कुठल्याशा कामासाठी त्यांनी रेशनकार्डाची झेरॉक्स मागितली. मी काचेवर कार्ड पालथं घालण्याआधी नजर टाकली, कारण मी प्रत्येक कागद वाचतो. झेरॉक्सवाला वाचत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फार भोळे आहात. कुटुंबातल्या माणसांचा तक्ता होता. पहिल्या ओळीत त्यांचं नाव. दुसऱ्या ओळीत आईचं, त्यावर आडवी रेघ. खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या.

एरवी मी गप्प बसणारा माणूस नाही. पण त्या दिवशी कागद गरम गरम त्यांच्या हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत, तेवढंच. ते म्हणाले, "का रं व्हिलन, आज धर्म करतोयस?"

आता ज्या गोष्टीसाठी एवढा पडदा वर केला ती सांगतो. यातलं मुलीचं नाव मी बदललं आहे, गावाचं सांगणार नाही आणि शहरही दुसरंच सांगणार आहे. शोधायला जाऊ नका.

अश्विनी म्हणू तिला. फार्मसीला तिचा नंबर लागला होता. घरात ती आणि आई. गावात शिरतानाच दिसणारा दुमजली बंगला, गच्चीवर सिमेंटचा गरुड. वडील कोइमतूरला स्वतःच्या गलाईच्या दुकानाचे मालक, असं सगळं गाव सांगायचं आणि घरातल्या दोघीही तसंच समजत होत्या. तरी गेल्या दोन वर्षांत पैसे कमी यायला लागले होते. आईनं सांगून टाकलं होतं, फीत सवलत मिळाली तर फार्मसी, नाही मिळाली तर शिवणक्लास, आणि स्थळं बघायला सुरुवात.

म्हणजे पोरीचं सगळं एका उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलं होतं. आणि दाखला मिळेना. तलाठ्यानं बंगला बघितला, गरुड बघितला आणि म्हणाला, "शेठच्या पोरीला कसली सवलत?"

भाऊसाहेबांनी अर्जावर तळहात ठेवला. घरी कोण कोण असतं ते विचारलं. मग म्हणाले, "तुझ्या पप्पांनाच इचारू. दुकानाची कागदं पाठवली की उत्पन्न किती ते आपोआप कळतंय. मर्यादेच्या आत असलं तर बंगल्याचं कोण काय करतंय?" आणि नेहमीप्रमाणं फोन लावला. नेहमीप्रमाणं स्पीकर चालू केला. मी त्या वेळी शिक्का मारून घ्यायला टेबलापाशी उभा होतो. सांगतो ते माझ्या कानानं ऐकलेलं आहे.

"शेठ, नमस्कार. तिकडं हवा कशी हाय?"

"बरी हाय भाऊसाहेब. वारं हाय जरा."

"पोरगी समोर बसलीया. शेठ, एक काम हुतं. दुकानाचं लायसन तुमच्याच नावावर हाय न्हवं? त्याची एक प्रत..."

भट्टीचा घरघर आवाज तेवढा येत होता. आणि मग त्या घरघरीतून दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आला. आमच्याच भागातला, चढा, अगदी स्पष्ट.

"ए! भट्टी कोण बघतंय? तुला पगार फोनवर बोलायला देतो व्हय रं? ठेव आधी त्यो!"

"ठेवतो मालक," असं अश्विनीचे वडील म्हणाले. आम्हाला नव्हे, त्याला. आणि फोन बंद झाला.

त्या खोलीत आम्ही तिघं होतो. कोणी कोणाकडे बघितलं नाही. अश्विनीनं फाईल उचलली, पट्टा नीट लावला. "मला नको सवलत," ती म्हणाली. "आईला काय सांगू नका. आणि पप्पांना परत फोन नका करू भाऊसाहेब." आणि चारही पायऱ्या न थांबता उतरून गेली.

दुपारी भाऊसाहेबांनी फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तो नंबर लागेचना. अर्जाची शेवटची तारीख दहा दिवसांवर होती. ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले, जे ते कधीच करायचे नाहीत.

"मी स्पीकर लावला," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"मला म्हाईत नसतंच रं कधी. तरी मी लावतो." मग म्हणाले, "आवाज ऐकायला बरं वाटतं खोलीत. म्हणून लावतो."

मी मशीनचं झाकण उघडलं आणि उगाच काच पुसायला लागलो.

दोन दिवसांनी त्यांचं ऑफिस बंद दिसलं. चौकशी केली तर रजा. त्यांच्या नोकरीत त्यांनी सलग रजा कधी घेतल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. चहावाल्यानं सांगितलं, मिरजेच्या गाडीत बसताना बघितलं, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, दात दुखत असेल.

सहाव्या दिवशी सकाळी ते आले. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, पाय सुजलेले. "काय व्हिलन, उघडलं का?" म्हणाले आणि पिशवीतून एक कागद काढला. "याच्या दोन प्रती काढ. आणि मशिनला वाचायचा तर वाचू दे. तू वाचू नको."

मी वाचला. दुकानमालकाच्या सही-शिक्क्याचा पगाराचा दाखला होता. सदर इसम आमच्याकडे भट्टीकामगार म्हणून अमुक पगारावर काम करतो, एवढंच. पगाराचा दाखला जोडला की तहसील कचेरीत बंगल्याचा प्रश्न उरत नाही. खाली अश्विनीच्या वडिलांची स्वतःची सही होती. अक्षर पोरीसारखंच, उजवीकडं झुकलेलं.

आयुष्यात मिरजेच्या पुढं न गेलेला माणूस बेंगलोरवरून गाडी बदलून कोइमतूरला जाऊन आला होता. तिथं तो बाप कुठं सापडला, काय बोलणं झालं, मालकानं कागद कसा दिला, हे ऐकायला माझा जीव कासावीस झाला होता. मी चहा मागवला. बिस्किटं मागवली.

"काय बघितलंत तिकडं?"

"ऊन हाय."

"आणि?"

"वारं पन हाय. त्यो बोलला हुता ते खरं हाय."

"आवं, पण ते शेठ..."

"इडली मऊ असती तिकडं," असं म्हणून त्यांनी बिस्कीट बुडवलं. मी हरलो. पण एक लक्षात आलं. एवढं सगळं डोळ्यांनी बघून आल्यावरही, माझ्या तोंडचा 'शेठ' त्यांनी दुरुस्त केला नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी उत्पन्नाचा दाखला निघाला. अश्विनीला निरोप धाडून बोलावलं, अर्ज भरायला बसले, ओटीपीसाठी फोन लावला. या वेळी अश्विनीच्या वडिलांनी पहिल्या रिंगला उचलला. भाऊसाहेबांनी फोन कानाला लावून विचारलं, "शेठ, नमस्कार. तिकडं हवा कशी हाय?" ऐकलं. आकडा कागदावर उतरवला, टाकला. मग फोन अश्विनीच्या हातात दिला, ऑफिसबाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

मी दुकानातून बघत होतो. ते व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी उभे राहिले, हात पाठीमागं बांधून, दाराकडं पाठ करून. आत बापलेक काय बोलले ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही, आणि तुम्हालाही कधी कळणार नाही. दहा मिनिटांनी दार उघडलं. अश्विनीचे डोळे लाल होते. तिनं फोन परत दिला आणि म्हणाली, "पप्पा म्हणले, भाऊसाहेबांना नीट पोचले का इचार."

सवलत मंजूर झाली. गावात कुजबुज झालीच. तिच्या गावचा एक पंच माझ्या दुकानात येऊन डोळे मिचकावत म्हणाला, "शेठच्या पोरीला सवलत कशी काय हो? काय भानगड?" तुम्हाला सांगतो, अशी संधी माझ्यासारख्याला वर्षातून एकदा येते. जिभेवर आलं होतं. पण मी छाती फुगवली, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "गुणांवर मिळालीया. हुशार हाय पोरगी." पंच गेला. अकरा वर्षांत मला एवढं चांगलं काम कधी जमलं नव्हतं, आणि बघायला कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून भाऊसाहेबांनी स्पीकर लावणं सोडलं. कायमचं. हवेची चौकशी करायची, आकडा घ्यायचा, फोन पोराच्या हातात द्यायचा आणि स्वतः नळापाशी जाऊन उभं राहायचं. आधी त्यांच्या खोलीत दिवसभर कुठले कुठले बाप बोलत असायचे. आता ते दाराआड बोलायचे, आणि आपल्याच ऑफिसच्या बाहेर हा माणूस उन्हात उभा. मी एकदा म्हटलं, "इकडं येऊन बसा की दुकानात." तर म्हणाले, "नको. पोराला दार उघडल्यावर कोण तरी दिसाय पायजे."

त्यात आणखी एक. दर जूनला ते स्वतःच वर्गावर्गात जाऊन सांगायचे, आधारला आपला स्वतःचा नंबर जोडून घ्या, वडलांना कामात तरास नको. पोरं जोडून घ्यायची. ओटीपी खिशातल्या खिशात यायला लागले. एकेक बाप कमी होत गेला. शेवटच्या वर्षी तर आठवडा आठवडा फोन लावायची वेळ यायची नाही. चहाच्या गाड्यावर कोणी गमतीनं विचारलं, "काय भाऊसाहेब, मदुरैला काय हाल?" तर म्हणाले, "काय म्हाईत."

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं झाली. मग त्यांनी टेबलावर चाव्या ठेवल्या, रजिस्टर ठेवलं आणि चार्जरसकट तो मोबाईल ठेवला. मी म्हटलं, "अहो, नंबर तरी घेऊन जा." ते म्हणाले, "कॉलेजचा हाय त्यो." तेव्हा मला कळलं की त्यांच्याकडं स्वतःचा फोन नव्हताच. "मग आज घेऊन टाकू एक, चला," मी म्हटलं. ते हसले. "मला कोण करनार हाय रं फोन?"

मीही हसलो. तो विनोद आहे असं मी धरून चाललो. मला सोयीचं होतं ते.

पुढच्या महिन्यात त्यांनी बाजारामागची भाड्याची खोली सोडली. बडोद्याला पुतण्या असतो, तिकडं चाललो म्हणाले. "पत्ता कळवतो." कापडी पिशवी तीच होती. पत्ता आला नाही. मीही पुतण्याचं नाव विचारून घेतलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, मी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो. एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पण बोटं पिवळी पडलेली, नखांच्या कडा ॲसिडनं खाल्लेल्या. हातात केळ्याच्या वेफर्सची मोठी पिशवी. "भाऊसाहेब कवा येत्यात?" त्यांनी विचारलं.

आवाज मी ओळखला. एकदाच ऐकला होता, स्पीकरवर. मी म्हणालो, "या शेठ, बसा."

ते बसले नाहीत. अश्विनीला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली होती. ते आता कोइमतूर सोडून कायमचे गावी आले होते. भाऊसाहेबांना हे तोंडानं सांगायचं होतं. मी त्यांना सांगितलं, ते निवृत्त झाले, बडोद्याला गेले, पत्ता नाही.

"असं कसं? नंबर हाय की माझ्याकडं," ते म्हणाले आणि फोन काढून लावला.

कॉलेजला सुट्टी होती. सगळीकडं सामसूम. आणि रस्त्याच्या कडेच्या त्या बंद खिडकीतून रिंग ऐकू यायला लागली. नवा क्लार्क मोबाईल टेबलावर चार्जिंगला लावूनच गावी गेला असणार. शेठनी कानाचा फोन खाली घेतला, खिडकीकडं बघितलं, पुन्हा फोनकडं बघितलं. मग ते फाटकातून आत गेले, व्हरांड्यापर्यंत. मी मागोमाग गेलो. आत रिंग वाजत होती. ते नळापाशी उभे राहिले, बरोबर त्याच जागी, पण तोंड दाराकडं करून.

रिंग संपली. त्यांनी परत लावला. परत संपली.

वेफर्सची पिशवी त्यांनी सर्वात खालच्या पायरीवर ठेवली, फोन खिशात घातला आणि आभाळाकडं बघितलं. मग दाराला ऐकू जावं इतपत मोठ्यानं म्हणाले, "हितं ऊन हाय, भाऊसाहेब. वारं न्हाई."